‘तुडील’ हा शब्द अक्षरी आहे काय? पायथॉनमधील कमांड लाइन आज्ञावल्यांची रचना व चाचणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथॉन ही संगणकीय भाषा आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत स्थिरावली आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबरच वाणिज्य, संख्याशास्त्र व भूगोल या विषयांचे विद्यार्थीही ती शिकू लागले आहेत. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी जे पहिले प्रोग्रॅम लिहितो, ते बहुतांशी कमांड लाइनवर चालणारे असतात. खिडक्या, बटणे आणि चित्रे नसलेला, टर्मिनलवर नाव टंकून चालविला जाणारा आणि अक्षरांच्या रूपानेच उत्तर देणारा प्रोग्रॅम म्हणजे कमांड लाइन आज्ञावली होय. असा प्रोग्रॅम कसा लिहावा, याचे अध्यापन आपण करतो. परंतु तो कसा तपासावा आणि मुख्य म्हणजे कोणाच्या माहितीने तपासावा, हा प्रश्न मात्र आपल्या प्रात्यक्षिक वहीच्या बाहेरच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांतील गावांची नावे आणि मराठीतील नेहमीचे शब्द हीच कसोटीची सामग्री म्हणून घेतली आहे.

कमांड लाइन आज्ञावलीचे स्वरूप :

चित्रमय पडद्यांच्या आणि भ्रमणध्वनीच्या काळात कमांड लाइनचा आग्रह कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर या प्रकारच्या आज्ञावलीच्या स्वभावातच आहे. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘पाइप’ची सोय आली. एका प्रोग्रॅमचे उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न म्हणून पुढे पाठविणे तिच्यामुळे शक्य झाले. तेव्हापासून कमांड लाइनवरील प्रोग्रॅम हा साखळीतील एक दुवा मानला जातो. त्याचा वापरकर्ता माणूस असू शकतो, दुसरा प्रोग्रॅम असू शकतो, किंवा रोज पहाटे ठरावीक वेळी काम सुरू करणारे यंत्र असू शकते. साधा जुना संगणकही त्याला पुरतो.

या स्वभावामुळे अशा आज्ञावलीवर चार जबाबदाऱ्या येतात. तिने बाहेरून दिलेले आर्ग्युमेंट नीट समजून घ्यावे; खरे उत्तर मुख्य निर्गतमार्गाने द्यावे; तक्रार वा चूक स्वतंत्र त्रुटीमार्गाने कळवावी; आणि संपताना यशाचा किंवा अपयशाचा संकेतांक मागे ठेवावा. शून्य म्हणजे यश आणि अन्य अंक म्हणजे अपयश, हा संकेत सर्वमान्य आहे. हा एक प्रकारचा करार होय. वर्गात लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमकडे या दृष्टीने पाहिले तर करारातील चारही कलमे मोडलेली दिसतात. ‘तुमचे नाव लिहा’ असे विचारून थांबणारा, स्वागत, उत्तर आणि चूक या तिन्ही गोष्टी एकाच मार्गाने छापणारा आणि माहिती चुकीची असली तरी शून्य संकेतांकाने संपणारा प्रोग्रॅम साखळीत बसू शकत नाही. त्याची यांत्रिक चाचणीही घेता येत नाही, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी कीबोर्डवर बसून उत्तरे द्यावी लागतात.

रचना ही चाचणीची पूर्वअट :

पुढील विवेचनासाठी एक कल्पित आज्ञावली विचारात घेऊ. तिला ‘पाऊसनोंद’ असे नाव देऊ. गाव, दिनांक आणि चोवीस तासांतील पाऊस मिलिमीटरमध्ये, असे तीन रकाने असलेली फाइल ती वाचते आणि प्रत्येक नोंदीची वर्गवारी करते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीनुसार ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार पाऊस होय. उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील गांभीर्य कल्पित नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव व जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडी कोसळून झालेली जीवितहानी या परिसराच्या स्मरणात आहे. पावसाची एखादी नोंद गळणे म्हणजे काय, हे येथील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

अशी आज्ञावली लिहिताना पहिला निर्णय रचनेचा असतो. फाइल उघडणे, वर्गवारी करणे आणि छापणे ही तिन्ही कामे एकाच लांबलचक ओळीत गुंफली तर वर्गवारी स्वतंत्रपणे तपासता येत नाही. याउलट, एक आकडा घेऊन वर्ग परत देणारे छोटे फंक्शन वेगळे केले, फाइल वाचणारे फंक्शन वेगळे केले आणि मुख्य फंक्शन केवळ आर्ग्युमेंटची यादी घेऊन शेवटी संकेतांक परत देणारे ठेवले, तर प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासता येतो. आर्ग्युमेंट समजून घेण्यासाठी पायथॉनच्या प्रमाण ग्रंथालयात ‘आर्गपार्स’ हा भाग २.७ व ३.२ या आवृत्त्यांपासून उपलब्ध आहे. चुकीचे आर्ग्युमेंट आल्यास तो तक्रार त्रुटीमार्गाने देतो आणि २ या संकेतांकाने काम थांबवितो. वर उल्लेखिलेल्या करारातील बराचसा भाग तो स्वतःच सांभाळतो. असे असूनही वर्गातील प्रोग्रॅममध्ये त्याचा वापर क्वचित दिसतो.

चाचणीची साधने आणि तिची मर्यादा :

चाचणीसाठी साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. ‘युनिटटेस्ट’ आणि ‘डॉकटेस्ट’ हे दोन भाग २००१ मधील २.१ या आवृत्तीपासून पायथॉनसोबतच येतात. ‘पायटेस्ट’ हे मुक्त साधन आज सर्वत्र वापरले जाते. त्यातील ‘कॅपसिस’ या सोयीने दोन्ही निर्गतमार्गांवर आलेला मजकूर वेगवेगळा पकडता येतो आणि ‘टीएमपी-पाथ’ या सोयीने चाचणीपुरती तात्पुरती फाइल तयार करता येते. संपूर्ण आज्ञावली स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालवून तिचा संकेतांक पाहावयाचा असल्यास ‘सबप्रोसेस’ हा भाग उपयोगी पडतो.

‘पाऊसनोंद’ या आज्ञावलीच्या किमान चाचण्या सहज सांगता येतील. सीमेवरील आकडे प्रथम तपासावेत : ६४.४ व ६४.५, ११५.५ व ११५.६, २०४.४ व २०४.५. ‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा मोठे किंवा समान’ यांतील गल्लत येथेच उघडकीस येते. त्यानंतर फाइल अस्तित्वात नसणे, फाइल रिकामी असणे, आकड्याच्या जागी रेघ असणे आणि एकाच गावाची नोंद दोनदा येणे या शक्यता तपासाव्यात. प्रत्येक वेळी आज्ञावलीचे उत्तर, तिची तक्रार आणि तिचा संकेतांक ही तिन्ही अंगे पाहावीत.

एवढे केले तरी चाचणी पूर्ण होत नाही. चाचणीत आपण जी माहिती घालतो, तिच्याबद्दलच ती बोलते. जी माहिती आपल्याला सुचली नाही, तिच्याबद्दल ती मौन पाळते. म्हणून चाचणीसाठी निवडलेली उदाहरणे हा तांत्रिक तपशील नसून त्यात एक सांस्कृतिक निवड दडलेली असते. आपल्या प्रयोगशाळेतील उदाहरणे रोमन लिपीतील असतात. पुस्तकातून आलेली इंग्रजी नावे तशीच चाचणीत उतरतात. आज्ञावली यशस्वी ठरते. परंतु ती ज्या कार्यालयात, ज्या ग्रामपंचायतीत वा शाळेत वापरली जाणार, तेथील माहिती तिने कधी पाहिलेलीच नसते.

देवनागरीची कसोटी :

समजा, ‘पाऊसनोंद’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सावधगिरी म्हणून गावाच्या नावात फक्त अक्षरेच आहेत ना, हे पायथॉनच्या ‘इजअल्फा’ या पद्धतीने तपासले आणि ज्या नोंदी या तपासणीत बसत नाहीत त्या वगळल्या. रोमन लिपीतील नावांवर ही तपासणी निर्दोष चालते. आता तिला ‘तुडील’ हे महाड तालुक्यातील गावाचे नाव दिले तर उत्तर नकारार्थी येते. पायथॉनच्या मते ‘तुडील’ हा शब्द अक्षरी नाही. कारण असे की, या पद्धतीला युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात नोंदलेली चिन्हेच चालतात. त, ड आणि ल ही त्या वर्गात आहेत; परंतु ऱ्हस्व उकार आणि दीर्घ वेलांटी या ‘खूण’ या वर्गात मोडतात. युनिकोडमध्ये स्वरचिन्हांना सामावून घेणारा ‘वर्णात्मक’ असा व्यापक गुणधर्मही नोंदलेला आहे. ‘इजअल्फा’ त्याचा आधार घेत नाही.

यातून निर्माण होणारी विसंगती रायगड जिल्ह्यातीलच दोन गावांच्या नावांनी स्पष्ट होते. खालापूर तालुक्यातील वरदविनायकाचे ‘महड’ या तपासणीत उत्तीर्ण होते. आणि ‘महाड’ मात्र केवळ एका कान्यामुळे अनुत्तीर्ण ठरते. दासगाव, जुई, तळिये, बिरवाडी, पोलादपूर, वरंध ही सर्व नावे याच न्यायाने वगळली जातील. आज्ञावली कोणतीही तक्रार न करता शून्य संकेतांकाने संपेल आणि अहवालात त्या गावांचा पाऊसच नसेल. तंत्रदृष्ट्या प्रोग्रॅम कोसळलेला नाही, आणि म्हणूनच ही चूक कोणाच्या लक्षात येणार नाही.

शोधसूत्रांत शब्दांसाठी वापरले जाणारे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्हही याच पंगतीतले आहे. प्रमाण ग्रंथालयातील शोधसाधनाने ‘पोलादपूर’ या शब्दातून शब्द वेगळे काढू पाहिले तर प, ल, दप आणि र असे चार तुकडे हाती येतात. मराठी मजकुरातील शब्दसंख्या मोजणारा विद्यार्थ्याचा प्रकल्प या एकाच कारणाने संपूर्णपणे चुकू शकतो.

प्रात्यक्षिकांत हमखास असणारा विलोमपदाचा प्रोग्रॅम घेऊ. उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखण्याचा हा प्रोग्रॅम ‘कडक’ या शब्दाला होकार देतो. परंतु ‘नवीन’ या शब्दाला नकार देतो, कारण तो अक्षरे न उलटविता संकेतबिंदू उलटवितो आणि वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. ‘तुडील’ उलटल्यास ‘लडीतु’ मिळावयास हवे. मिळते ते ‘लीडुत’. त्याची लांबी मोजली तर पायथॉन ५ हे उत्तर देते, तर मराठी वाचक तीन अक्षरे मोजतो. अक्षरसमूह ओळखणारे ‘रेजेक्स’ हे स्वतंत्र साधन वापरल्यास तीन हे उत्तर मिळू शकते. परंतु साधनाची गरज कळण्यासाठी आधी ‘नवीन’ हा शब्द चाचणीत असावा लागतो.

लेखनपद्धतीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. महाड–पोलादपूरच्या भूगोलाचे वर्णन ‘दऱ्या’ या शब्दावाचून होणार नाही. हा शब्द संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविला जातो. अर्ध्या ‘र’साठी युनिकोडमध्ये नुक्तायुक्त ‘ऱ’चा स्वतंत्र संकेत आहे, तोच ‘र’ व नुक्ता असा सुटाही लिहिता येतो, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही तो साधला जातो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, मात्र पायथॉनच्या तुलनेत ती भिन्न ठरतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिली दोन एकरूप होतात, तिसरे वेगळेच राहते. त्यातच एखाद्याने मजकूर स्वच्छ करण्याच्या हेतूने सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकली, तर तिसऱ्या रूपातील ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरातील दरीचा समुद्र करणारी ही स्वच्छता कोणत्याही इंग्रजी उदाहरणाने पकडता येणार नाही.

क्रमवारीबाबतही असेच म्हणता येईल. मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे, युनिकोडच्या तक्त्यात ते ‘ल’नंतर आहे. त्यामुळे पायथॉनचे ‘सॉर्टेड’ हे फंक्शन काळे हे आडनाव काशीद या आडनावाआधी ठेवते. मराठी वर्णक्रमाने ते नंतर यावयास हवे. हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत क्रम हा सोयीचा नव्हे, तर शोधण्याच्या हक्काचा प्रश्न असतो.

फाइलींचेही तसेच. एक्सेलमधून युटीएफ-८ या स्वरूपात साठविलेल्या फाइलीच्या प्रारंभी एक अदृश्य खूण येते. ती लक्षात न घेतल्यास पहिल्या रकान्याचे ‘गाव’ हे शीर्षक आज्ञावलीला सापडत नाही. जुन्या कार्यालयीन फाइली तर अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात; त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन संकेत असतात. या दोन्ही प्रकारच्या छोट्या नमुना फाइली चाचणीसंग्रहात असणे अगत्याचे आहे.

पायथॉनचे औदार्य आणि त्याची मर्यादा :

या विवेचनावरून पायथॉन देवनागरीला परकी मानते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व मजकूर युनिकोड मानला जातो. ‘२०४.५’ हा देवनागरी आकडा तिला दिला तर ती तो बिनतक्रार संख्या म्हणून स्वीकारते. त्यामुळे तलाठ्याच्या वहीतील अंक जसेच्या तसे टंकले तरी ‘पाऊसनोंद’ अडत नाही. इतकेच नव्हे, तर ‘तुडील’ हे चलाचे नाव म्हणूनही तिला चालते. जो शब्द नाव म्हणून ग्राह्य, तोच अक्षरी म्हणून अग्राह्य, ही विसंगती मात्र उरतेच. ‘इजअल्फा’चे वर्तन पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात नमूद आहे, त्यामुळे तो भाषेचा छुपा दोष नव्हे. दोष आहे तो नावावरून अर्थ गृहीत धरण्याचा आणि ते गृहीतक न तपासण्याचा. ‘आर्गपार्स’मधील सूचना भाषांतरासाठी खुल्या ठेवलेल्या आहेत, मराठी भाषांतर मात्र पायथॉनसोबत येत नाही. म्हणजे दार उघडे आहे, आत जाणारे कोणी हवे.

मूल्यमापनपद्धतीचा विचार :

महाविद्यालयीन प्रात्यक्षिक परीक्षेत पडद्यावरील उत्तर पाहून गुण देण्याची पद्धत रूढ आहे. परीक्षक एकदा प्रोग्रॅम चालवितो, अपेक्षित उत्तर दिसते, सही होते. या पद्धतीला पर्याय महाराष्ट्रातच तयार झाला आहे. आयआयटी मुंबई येथील ‘फॉसी’ प्रकल्पाने विकसित केलेली ‘यक्ष’ ही मुक्त परीक्षाप्रणाली विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम आधी लिहून ठेवलेल्या चाचण्यांवर चालवून लगेच निकाल देते. फंक्शनने परत दिलेल्या मूल्याची आणि निर्गत मजकुराची, अशा दोन्ही प्रकारच्या चाचण्यांची त्यात सोय आहे. महाभारतातील यक्षप्रश्नांची आठवण करून देणारे हे नाव अन्वर्थक म्हणावे लागेल. प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

तथापि येथे एक मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. अशा व्यवस्थेत चाचणी शिक्षक लिहितो आणि विद्यार्थी ती उत्तीर्ण करतो. प्रश्न विचारण्याचे काम यक्षाकडेच राहते. चाचणीचे खरे शिक्षण मात्र प्रश्न विचारण्यात आहे. ‘नवीन’ हा शब्द घालून पाहावा, ‘महड’ आणि ‘महाड’ शेजारी ठेवावेत, हे ज्याला सुचते त्याने आज्ञावलीचा वापरकर्ता ओळखला असे समजावे. हे सुचण्यासाठी संगणकाचे ज्ञान जेवढे लागते, तेवढेच भाषेचे आणि परिसराचे भानही लागते. म्हणूनच हा विषय एकट्या संगणकशास्त्र विभागाचा नाही. मराठी विभागातील सहकारी वर्णक्रमाची आणि जोडाक्षरांची उदाहरणे देऊ शकतात, भूगोल विभाग गावांच्या नावांची शुद्ध यादी देऊ शकतो, आणि वाणिज्य विभाग जुन्या हिशेबी फाइलींचे नमुने देऊ शकतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यावर युनिकोडचे ओझे कशासाठी? आधी त्याला मूलभूत गोष्टी येऊ द्याव्यात. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु येथे सुचविले आहे ते युनिकोडचे शास्त्र नव्हे. प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या किमान पाच चाचण्या जोडाव्यात, त्यांपैकी दोन देवनागरीतील असाव्यात आणि एक चाचणी चुकीच्या माहितीवर येणारा संकेतांक तपासणारी असावी, एवढीच अपेक्षा आहे. चाचणी अनुत्तीर्ण झाली तर तिचे कारण विद्यार्थी स्वतःच शोधू लागेल. ओझे म्हणून जे शिकवावे लागले असते, ते कुतूहलाने शिकले जाईल. वेळेची अडचणही येत नाही. पाच चाचण्या थोड्या वेळात लिहून होतात आणि यंत्र त्या क्षणात चालविते.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, कमांड लाइन आज्ञावली ही आर्ग्युमेंट, उत्तर, तक्रार आणि संकेतांक यांचा करार आहे, आणि हा करार पाळणारी रचना असल्याखेरीज तिची चाचणी शक्य होत नाही. दोन, पायथॉनमध्ये चाचणीची साधने मुबलक आहेत. उणीव आहे ती चाचणीसाठी निवडलेल्या उदाहरणांची. तीन, केवळ इंग्रजी उदाहरणांवर उत्तीर्ण झालेली आज्ञावली मराठी माहितीवर कोसळत नाही, तर मुकाट्याने माहिती गाळते, तोडते किंवा बदलते. आणि हे अधिक धोक्याचे आहे. चार, विद्यार्थ्याला चाचणी उत्तीर्ण करण्याबरोबरच ती लिहिण्याचाही अधिकार मिळाला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे विद्यार्थी पुढे सहकारी पतसंस्थेत, तहसील कार्यालयात, रुग्णालयात वा शाळेत छोट्या छोट्या आज्ञावल्या लिहिणार आहेत. त्या यादीत कोणाचे नाव राहील आणि कोणाचे गळेल, हे त्यांच्या चाचणीतील उदाहरणांवर ठरणार आहे. तेव्हा प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील नावांची, शब्दांची आणि अंकांची एक छोटी चाचणीफाइल तयार करून ती प्रयोगशाळेत ठेवावी. तिची पहिली ओळ ‘तुडील’ असावयास हरकत नाही.